तांबी पुस्तकात बसत नाही

मुलांनो, एका जंगलात झाडं फारशी नव्हती. सगळा गवताचा माळच होता. पण कागदोपत्री ते जंगल होतं, म्हणून आपणही जंगलच म्हणू.

तिथे तांबी नावाची लांडग्याची मुलगी राहायची. अंगाने किडकिडीत, रंगाने मातकट आणि इतकी बुजरी, की शाळेत हजेरीलासुद्धा नुसती शेपटी हलवायची.

एकदा शाळेत लांडग्यांवरचं माहितीचं पुस्तक आलं. तांबीला इतका आनंद झाला, की तिने ते आधी हुंगलं आणि मग उघडलं. आत लिहिलं होतं : लांडगा पांढराशुभ्र असतो. त्याचे केस दाट असतात. तो बर्फात राहतो. तो कळपाने, एकामागून एक चालतो.

पुस्तक कुठल्याशा थंड मुलखातल्या पुस्तकावरून उतरवलेलं होतं. लिहिणाऱ्या सशाने लांडगा जवळून पाहिला नव्हता. पाहिला असता तर तो लिहायला उरला नसता.

साळिंदरबाईंनी तांबीला उभं केलं आणि पुस्तकाशी ताडून पाहिलं.

"तांबे, तू यात कुठेच नाहीस गं."

वर्ग हसला. तेवढ्यावर भागलं असतं. पण टेकडीवरची गुहा लांडग्यांसाठी राखीव होती, आणि तांबीची आई दोन तान्ह्या पिल्लांना घेऊन तिथे राहत होती. चार दिवसांनी घोरपडसाहेब तपासणीला आले. साहेब एकदा पुस्तकाला चिकटले की सुटत नसत.

त्यांनी तांबीचा रंग पाहिला, केस पाहिले आणि दोन फुल्या मारल्या. मग बर्फाची चौकशी केली.

"साहेब, आपल्या माळावर बर्फ पडत नाही," तांबी पुटपुटली.

"ते मला नको सांगूस, बाळ. पुस्तकात पडलाय."

तेवढ्यात खालून धवळाबाई मेंढी आपला कळप घेऊन चालली होती. पांढरीशुभ्र. दाट केस. एकामागून एक. साहेबांनी भराभर बरोबरच्या खुणा केल्या. बर्फाचं पुढे बघू, असं ठरलं.

धवळाबाईने हात जोडले. "अहो, मी मेंढी. सात पिढ्यांची मेंढी."

"मेंढीचं पुस्तक अजून छापून यायचंय. तोवर तुम्ही लांडगा."

गुहा धवळाबाईला मिळाली. तांबीचं बिऱ्हाड समोरच्या करवंदीच्या जाळीत गेलं. तांबी खूप रडली. आई रडली नाही. ती गुहेच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गप गं. एवढी घरपोच सोय आजवर कुणी केली नव्हती."

महिन्याभरात कळप निम्मा झाला. धवळाबाईने अर्ज दिला, की लांडगे आम्हाला खातात. साहेबांनी अर्ज परत पाठवला. वर शेरा होता : लांडगे तुम्हीच आहात, आपसातल्या भांडणात हे कार्यालय पडत नाही.

पुढच्या महिन्यात गुहा रिकामी झाली. तांबीचं बिऱ्हाड परत आलं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शेवटी एक ओळ वाढली होती. 'लांडगे झपाट्याने कमी होत आहेत. कारण अज्ञात.'

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. लांडगे का कमी होत आहेत? खरं उत्तर साऱ्या वर्गात एकट्या तांबीला माहीत होतं, अगदी नावानिशी. तिने तोंड पुसलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'कारण अज्ञात.'

साळिंदरबाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. शेजारी लिहिलं : लांडग्यांविषयी उत्तम जाण.

तात्पर्य : पुस्तकात आपण नसलो तर हट्ट धरू नये. जे असतात त्यांचं काय होतं, ते पाहिलंत ना? आता आपापली पुस्तकं उघडा.