बसण्याचे तास

उस्ताद रआफत यांनी राजीनाम्याचा कागद प्रीथाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला हिशोब ठेवला. बिस्किटांच्या पुठ्ठ्यावर, वळणदार अक्षरात. आखातातल्या अजमान शहरात, त्या लहानशा शाळेत, ते बारा वर्षं मुलांना अरबी हस्ताक्षर शिकवत होते. आठवड्याला वीस तास, करारात ‘अर्धवेळ’. अर्धवेळ माणसाला नोकरी सोडताना तासांच्या प्रमाणात सेवासमाप्तीची रक्कम मिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिकडे इजिप्तमध्ये, दमियात शहरात, बायको नजवानं समुद्राकडे तोंड असलेल्या दोन खोल्या धरून ठेवल्या होत्या. त्यांचा शेवटचा हप्ता त्या रकमेत काठोकाठ बसत होता. विमान पुढच्या गुरुवारचं होतं.

प्रीथा शाळेचं सगळं कार्यालय एकटी सांभाळायची. कोल्लमहून आलेली, कामाला वाघीण. तिनं अंगठ्याच्या यंत्राची नोंद काढली, एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“उस्ताद, तुम्ही अर्धवेळ नाही आहात.”

“मग काय आहे?”

“सव्वावेळ. आठवड्याला सत्तेचाळीस तास. इथे पूर्णवेळ शिक्षकांचे चाळीस भरतात.”

उस्तादांच्या लक्षात आलं. ते राहायचे त्या खोलीत चौघे होते आणि दिवसा मालक वातानुकूलन बंद ठेवायचा. शाळेची बस सकाळी साडेसहाला त्यांच्या गल्लीतून यायची आणि चार वाजता परत जायची. फुकटची बस, थंडगार शाळा. ते पहिल्या बसनं यायचे, शेवटच्या बसनं जायचे. येता-जाता यंत्राला अंगठा लावायचा असतो, म्हणून लावायचे.

“पोरी, मी नुसता बसायचो गं.”

“ते मला कळतं. ऑडिटवाल्यांना कसं कळणार? एक तर शाळेनं तुमचे तास बुडवले, नाहीतर तुम्ही खोटा अंगठा लावलात. दोन्हीपैकी एक होणार.”

उस्तादांना त्यातली दुसरी शक्यताच तेवढी ऐकू आली. बारा वर्षांची नोकरी, आणि शेवटी खोट्या अंगठ्याचा डाग. खोल्या जाणार त्या वेगळ्याच. त्यांचा चेहरा पाहून प्रीथाला वाईट वाटलं. तिनं मार्ग सुचवला. “लिहून द्या, की वीस तास काम केलं आणि बाकीचा वेळ नुसता बसलो. खाली तीन सहकाऱ्यांच्या सह्या आणा. मग मी जुन्या हिशोबानं पैसे काढते.”

उस्तादांनी तिथल्या तिथे मजकूर लिहिला. आयुष्यात इतक्या सुंदर अक्षरात त्यांनी स्वतःची बदनामी कधी केली नव्हती.

पहिले गाठले बसचालक गुलाब खान यांना. खानसाहेबांनी कागद मोठ्यानं वाचला आणि बसच्या पायरीवर बसले.

“उस्तादजी, नुसता बसलो म्हणजे? माझ्या बसचं दार दर आठवड्याला अडकतं. ते कोण सोडवतं?”

“ते काय काम आहे? दोन मिनिटं लागतात.”

“मला दोन तास लागतात. मी नाही सही करत. वर जाऊन काय तोंड दाखवू?”

“अहो, माझं भलं होईल यात.”

“भलं होतंय म्हणून खोटं बोलू?” खानसाहेबांनी पेन घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दाराचं सगळं लिहून सही ठोकली.

बालवर्गाच्या रीमा बाई त्याहून वाईट निघाल्या. त्या अम्मानच्या, बोलायला लागल्या की थांबत नसत. “रडणारी पोरं मी कुणाकडे पाठवते? सप्टेंबरात शाळा सुरू झाली की तुमच्या मांडीवर तिघं-तिघं असतात. परवा तो हमदान तुमच्या टायला नाक पुसत होता, ते बसणं होतं का?”

“मी बसलेलोच होतो, बाई. तो येऊन बसला.”

“द्या इकडे कागद.” त्यांनीही मागची बाजू भरली आणि जागा पुरेना म्हणून समासातही लिहिलं.

दुपारपर्यंत मागच्या बाजूवर सात सह्या झाल्या होत्या. पुढच्या बाजूवर एकही नव्हती. उस्ताद आता चिडले. शिपायाला म्हणाले, “बारा वर्षांत मी तुमचं काय वाकडं केलं, म्हणून सगळे माझ्या मागे लागलात?” आणि शेवटी, इलाज नव्हता म्हणून, ग्रंथालयात समीरा बाईंकडे गेले. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या फलकावर एका अक्षराचं चिन्ह वर द्यायचं की खाली, यावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

समीरा बाईंनी कागद वाचला. लगेच पुढच्या बाजूवर सही केली. शिवाय वर एक ओळ घातली: ‘या गृहस्थांनी इथे काहीही केलेलं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.’

उस्तादांना हवं होतं ते अक्षरशः मिळालं. तरी ते अर्ध्या जिन्यातून परत फिरले. पुन्हा आत जाऊन म्हणाले, “काहीही नाही, असं कसं म्हणता? वीस तास तर शिकवत होतो ना?”

“तुम्हीच सह्या मागत फिरताय,” समीरा बाई पुस्तकांवर शिक्के मारत म्हणाल्या. “मला वाटलं खूश व्हाल.”

कागद शेवटी शाळेच्या मालकीणबाई मोझा यांच्यासमोर गेला. त्यांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, समास आडवा धरून वाचला. उस्ताद खुर्चीच्या कडेवर बसून होते.

“उस्ताद, यंत्र बसवल्यापासूनच्या सात वर्षांच्या नोंदी आहेत. माझ्या शाळेत एक माणूस आठवड्याला सत्तेचाळीस तास राबतो आणि मला पत्ताच नाही, असं मी कुणाला सांगू? लोक हसतील मला.” त्यांनी प्रीथाकडे पाहिलं. “पूर्णवेळचा हिशोब कर.”

“पण मॅडम, मी खरंच...”

“तुम्ही आता गप्प बसा. आज पहिल्यांदाच बसताय.”

रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. प्रीथानं आकडा फिरवून दाखवला तेव्हा उस्तादांनी खिशातला रुमाल काढला, आणि कशाला काढला ते विसरून परत ठेवला. सगळी कामं दुसऱ्यांच्या हाती सोपवायला तीन आठवडे लागणार होते, त्यामुळे विमान पुढे ढकलावं लागलं. ते त्यांना फारसं लागलं नाही.

लागलं ते संध्याकाळी. नजवाला फोन करून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं, सत्तेचाळीस तासांसकट.

“ऐकतेस ना? दुप्पट मिळणार आहेत. हप्ता जाऊन वर फर्निचरही होईल.”

“ऐकतेय. करीमाचे अब्बा, एक विचारू?”

“विचार.”

“बारा वर्षं तुम्ही मला सांगत होतात, अर्धवेळ नोकरी आहे म्हणून अर्धा पगार येतो. आता तुमच्या मॅडम लिहून देतायत की तुम्ही पूर्णवेळच्याही वर राबत होतात.” नजवानं श्वास घेतला. “मग उरलेला अर्धा पगार तुम्ही कुणाला पाठवत होतात?”