चिचुंद्री मोठी करा

ताई बाळाला घेऊन पहिल्यांदाच येणार, तिला बसस्टँडवरून आणायचं, आणि हा संग्रहालयातला मांडणीवाला आपला सकाळपासून काचेच्या कपाटाशी! डोळे नुसते मिटत होते बिचाऱ्याचे.

कपाटात पेंढा भरलेले दोन जीव. इकडे कुरव, म्हणजे समुद्रावरचा तो दांडगा पांढरा पक्षी, आणि तिकडे बारक्या जातीची, अंगठ्याएवढी चिचुंद्री. वर पाटी, 'जास्त खादाड कोण?' चिचुंद्री दिवसात जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं हादडते, कुरव तिच्या पासंगालाही पुरत नाही, असं दाखवायचं होतं. शाळेच्या मुलांना आणणाऱ्या पाहुण्याबाई बघून 'छान' म्हणेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, असा सरांचा हुकूम.

"चिचुंद्री दिसतच नाही रे," सर म्हणाले. "मोठी कर."

"सर, मेलीय ती. आता काय वाढणार?"

मग तिच्यापुढे मोठं भिंग लावलं. ती झाली मांजराएवढी! तर सर म्हणतात, "आता पक्षी किरकोळ वाटतो." झालं, पक्ष्यापुढेही भिंग. तो असा अंगावर आला की झाडूवाल्या मावशी "अगं बाई!" करत धडपडल्या त्या थेट कपाटावर. चिचुंद्री आडवी.

तेवढ्यात ताईचा फोन. "बस कधीची आलीय! कुठे उलथलायस?"

"चिचुंद्री पडलीय गं."

"पडू दे की मेली!"

"सरक, मीच उभी करतो," म्हणत सरांनी कपाटाचं मागचं दार उघडून डोकं आत घातलं. आणि नेमक्या पाहुण्याबाई समोर हजर! भिंगात सरांचं हे एवढं नाक, घामेजलेले गाल, थरथरणाऱ्या मिशा. सर जागच्या जागी थिजले.

"अय्या, जिवंत ठेवलीय?" बाई वाकल्या.

खरं सांगायचं त्राण कुणात होतं? "हो मॅडम," मांडणीवाला म्हणाला.

"खाते काय?"

"डोकं, मॅडम. दिवसभर."

"छान! चहा घेऊन मुलांना घेऊनच येते. तोवर हलवू नका हं हिला."

बाई गेल्या. कपाटातून खोल आवाज आला, "अरे, आता?"

"मॅडमनी सांगितलंय सर, हलायचं नाही," म्हणत त्यानं पिशवी उचलली.

स्टँडवर ताईनं बाळ त्याच्या खांद्यावर टाकलं. "सरांनी सोडलं कसं रे तुला?"

"सर कामात अडकलेत," तो म्हणाला, आणि बाळाच्या आधी त्यालाच जांभई आली.