गजभिये काकांचा सुका माल

आमचे शेजारी गजभिये काका मासे वाळवतात. खायला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जिवंत करायला. सौंसरात कोणालाही विचारा, लोक आधी स्वतःच्या कपाळाकडे बोट नेतात आणि मग काकांच्या घराकडे.

काका पांढुर्ण्याच्या पशुदवाखान्यात ड्रेसर होते. रिटायर झाले आणि बैलांवरून एकदम बोटभर माशांवर आले. आफ्रिकेतल्या डबक्यांतले मासे. पाऊस पडला की डबकं भरतं, मासे जन्मतात, रंगतात, भांडतात, लग्नं उरकतात, चिखलात अंडी घालतात आणि डबकं आटलं की सगळे मरतात. अंडी मात्र सुकल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत जिवंत राहतात. काकांच्या पडवीतल्या टाक्यांत हा पाऊस काका स्वतः पाडतात. त्या दिवशी भर उन्हाळ्यात छत्री घेऊन बाजारात जातात. कोणी विचारलंच तर म्हणतात, "आज आमच्याकडं पाऊस हाय."

त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट काकांच्या लेखी एकतर ओली, नाहीतर सुकी. दोन भेटींत लग्न ठरवणारा पुतण्या ओला. बोरगावचा नवा सरपंच "अजून लय ओला". माझ्या खर्राविरोधी पत्रकाचा मसुदा मी त्यांना दाखवला. मथळा होता, 'थुंकायचंच तर खर्र्यावर थुंका!' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलं वं पोरी. अजून सुकू दे."

मी सुकू दिलं नाही, तसंच छापलं. का सुकू द्यावं? खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं विष. आमच्याकडे आठवीतली पोरं तो दप्तरात बाळगतात, मास्तर खिशात बाळगतात, आणि दोघंही एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवतात. अशा गावात हळू आवाजात बोलून काय होणार?

शनिवारी बसस्टँडसमोर खर्र्याची होळी ठरवली. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी असते, दर्शनाबरोबर प्रबोधनही होईल असा हिशोब. त्याच सकाळी काका पुतण्याकडे पांढुर्ण्याला गेले. जाताना माशांना खाऊ घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले. खाऊ शोधताना कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. आत अकरा पन्न्या. प्रत्येकीत तपकिरी, दमट, चुरलेला माल.

माझं डोकंच फिरलं. माझ्या सभेत पहिल्या रांगेत बसणारा माणूस, आणि घरात खर्र्याचं गोदाम! ओळखीचा म्हणून सोडायचा? मग चळवळ कशाला करायची? डबा काखेत मारला आणि निघाले.

अंडी कशात घालून सुकवतात, हे काकांनी मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी पत्रकांच्या घड्या घालत होते.

प्लास्टिक जाळायचं नाही हे आमचं तत्त्व. म्हणून लोकांकडून गोळा केलेली प्रत्येक पन्नी सोडून माल लोखंडी टबात ओतायचा. काकांच्या दहा पन्न्या मी माझ्या हातानं सोडल्या. अकरावी दोऱ्यानं बांधलेली होती, गाठ काही सुटेना. शेवटी तशीच टाकली. काडी ओढणार, तेवढ्यात पांढुर्ण्याची बस लागली आणि काका उतरले.

"काका, तुमचाही साठा पकडला!" मी भोंग्यावरून जाहीर केलं. लोक हसले.

काकांनी टबात पाहिलं. त्यांच्या हातातली थैली खाली पडली.

"काय करून राहिली वं? मासे हायेत त्यात!"

लोक आणखी हसले. एकटा सुधाकर हसला नाही. सुधाकर म्हणजे स्टँडवरचा खर्र्याचा ठेलेवाला, माझ्या पत्रकातला पहिल्या नंबरचा शत्रू. त्यानं टबातून एक चिमूट उचलली आणि नाकाशी नेली.

"ताई, हा खर्रा नोय. सुपारी नाही, चुना नाही. नारळाचा भुसा हाय. माणसाचं नाव घ्यायच्या आधी मालाचा वास तं घ्यायचा!"

"दोऱ्याची पन्नी," काका म्हणत होते. "बाकीचं जाऊ दे. दोऱ्याची पन्नी पाहा."

आम्ही तिघं टबाला भिडलो. सुधाकर नुसत्या वासानं माल वेगळा करत होता. इतका तयार माणूस आमच्या चळवळीत एकही नाही. पन्नी तळाशी सापडली. टब धुऊन आणलेला, तळाला पाणी साचलेलं, आणि पन्नीला भोक.

"भिजलं," काका म्हणाले.

घरी येताच काकांनी स्टीलच्या गंजात थंड पाणी काढलं आणि गाठ सोडवत बसले. मी कात्री दिली ती घेतली नाही, नखानंच सोडवली. आतून एक चिठ्ठी निघाली, 'होळीनंतर भिजवा.' अक्षर काकूंचं. काकूंना जाऊन दोन होळ्या झाल्या.

"काका, याची वेळ तर कधीच..."

"मालूम हाय." चिठ्ठी त्यांनी मांडीवर सरळ केली. "तिनं भरलेली ही एकच राह्यली होती. सुकं होतं तवर आत जितं होतं. भिजवलं का चार महिने जगतीन. मंग?"

"मग त्यांची अंडी होतील ना."

"होतीन. पण ते माह्या हातचे."

माझ्याकडे कुठल्याही विषयावर मुद्दे तयार असतात. त्या दिवशी "चुकलं माझं," एवढंच म्हटलं, आणि तेही मला नीट जमत नाही.

"आता अर्धवट ठेवलं तं मरतीन," असं म्हणून काकांनी भुसा पाण्यात सोडला.

तास गेला, दोन तास गेले. सुधाकर ठेला बंद करून आला, सवयीनं खिशात हात घातला आणि माझ्याकडे बघून रिकामाच बाहेर काढला. राजगिऱ्याएवढी अंडी तळाला नुसती पडून होती. मग पाण्यात एक स्वल्पविराम हलला. पाठोपाठ दुसरा. काका गुडघ्यांवर उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अवं, ये लवकर! निंगाले!"

सुधाकरनं मान खाली घातली. काका तसेच थांबले, हात दाराकडे केलेला.

मी उठले आणि आत गेले. ओट्यापाशी जरा उभी राहिले, ओढणीला हात पुसले आणि बाहेर आले.

"कुठं निघाले? दाखवा बरं," म्हटलं.

काकांनी सरकून जागा केली.