कुमुदकाकूंचा बंब

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली बाई गाडीतून उतरते, पदर सारखा करते आणि घरात जाते. कुमुदकाकू गाडीतून उतरतात, पदर खोचतात आणि दुसऱ्यांच्या गाड्यांपाशी उकिडव्या बसतात. अंगावर पैठणी, नाकात नथ आणि हातात टायरची हवा मोजायचं मीटर. हे मीटर त्यांच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी राहतं.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. नागपूर सोडून टेक्सासातल्या फ्रिस्कोला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. मंडळातल्या एका बाईंकडे पहिल्यांदाच हळदीकुंकवाला गेले, तर दारातच या बसलेल्या.

"ही निळी गाडी तुझी का गं?"

"हो. नमस्कार काकू, मी मानसी."

"एकोणतीस."

मला वाटलं, वय विचारताहेत. "नाही, चौतीस पूर्ण," मी म्हणाले.

"चौतीस कुठली! एकोणतीस आहे. मागच्या डाव्या टायरला. दारावर किती लिहिलंय ते वाचलंयस का कधी?"

मी घराच्या दाराकडे बघितलं. तिथं 'शुभ लाभ' लिहिलं होतं. काकूंनी माझ्या हातातली किल्ली घेतली, माझ्याच गाडीचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेलं एक बारीक अक्षरांचं लेबल दाखवलं. कुठल्या टायरमध्ये किती हवा भरायची, हे त्यावर छापलेलं होतं. गाडी घेतल्यापासून मी त्या दारातून आत-बाहेर करत होते. ते लेबल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"आत्ता भरू नकोस. टायर गरम आहे. उद्या सकाळी, गार असताना." एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला तिळगूळ दिला.

कुमुदकाकू मूळच्या सांगलीच्या. टेक्सासात येऊन औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाल्या. सगळा जन्म बाटल्यांवर लेबलं लावण्यात गेला, आणि ती लेबलं कुणी वाचत नाही हे पाहण्यात गेला. तो राग आता गाड्यांवर निघतो. कुणाचीही गाडी कुरकुरली की काकूंचं ठरलेलं वाक्य येतं, "लिहिलंय की! वाचायला काय झालं?" गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी दोनदा वाचलंय. एकदा समजण्यासाठी आणि एकदा चुका काढण्यासाठी.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे सात माणसांची, लालभडक, फोर व्हील ड्राइव्हची एसयूव्ही. तिच्यात चढायला काकूंना पायरी लागते आणि वसंतकाकांना काकू लागतात. वसंतकाका म्हणजे त्यांचे यजमान. शांत, बारीक, हायवेला घाबरणारे. गाडीला 'बंब' हे नाव त्यांनीच ठेवलं. फोन केला की सांगतात, "कुमुद बंब घासतेय." नवीन माणसाला वाटतं, या बाईंनी अंघोळीचा तांब्याचा बंब सांगलीहून इथवर आणलाय.

आता फ्रिस्कोत फोर व्हील ड्राइव्ह कशाला लागते, हा प्रश्न कुणालाही पडेल. आमच्या गावात चढ म्हणजे फ्लायओव्हर आणि उतार म्हणजे त्याची पलीकडची बाजू. पण आमच्याकडे प्रत्येक मराठी घरासमोर अशी एक डोंगर चढणारी गाडी उभी असते आणि ती मुलांना सॉकरला नेते. बाकीच्यांना चारही चाकांना ताकद देणारं ते बटण कुठं आहे हेही माहीत नसतं. काकू मात्र महिन्यातून एकदा देवळामागच्या कच्च्या मैदानात जातात, फोर व्हील लावतात आणि चिखलात दोन गोल चकरा मारतात. "वापरलं नाही की आत अवघडतं," असं म्हणतात. देवळातले गुरुजी सुरुवातीला याला प्रदक्षिणा समजायचे.

मंडळाचे त्या वर्षीचे अध्यक्ष प्रधान म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी भर सभेत काकूंना विचारलं होतं, "काकू, चार चाकं तर आमच्याही गाडीला आहेत. तुमच्या चारमध्ये विशेष काय?" सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं. रस्त्यांच्या काचा झाल्या. सगळं गाव घरात बसलं आणि काकू बाहेर पडल्या. कुणाला दूध, कुणाला ब्रेड, कुणाला बीपीच्या गोळ्या पोचवत त्या हळूहळू फिरत होत्या. एका वळणावर प्रधानांची गाडी रस्ता सोडून गवतात रुतलेली दिसली. प्रधान सुटाबुटात बाजूला उभे. काकूंनी बंब थांबवला, डिकीतून ओढायचा जाड पट्टा काढला, आणि मग पट्टा बांधायच्या आधी भाषण केलं. पट्टा ताणला असताना जवळ का उभं राहू नये, तुटला तर काय होतं, हुक कुठं अडकवायचा, हे कुठल्या पानावर लिहिलंय.

"काकू, पायांना मुंग्या आल्यात," प्रधान म्हणाले.

"तर लांब जाऊन उभे राहा. तेच सांगतेय मघापासून."

मग चार चाकांवर त्यांनी चार चाकांना अलगद ओढून रस्त्यावर आणलं. प्रधानांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पुढच्या वर्षी अध्यक्षपदही घेतलं नाही.

त्यानंतर काकूंनी ट्रेलर घेतला. मागं जोडायचा, बंद डब्यासारखा, पांढरा. आमच्या वसाहतीच्या नियमात ट्रेलर दारात दिसलेला चालत नाही, म्हणून काकांची जुनी गाडी रस्त्यावर आली आणि ट्रेलर गॅरेजमध्ये गेला. काकांचं चालायचं मशीनही बाहेर आलं. काका आता बाहेरच चालतात.

ट्रेलर आल्यावर गणपतीत मंडळाचं सगळं सामान वाहायचं काम आपोआप काकूंकडे आलं. पहिल्याच वर्षी पोरांनी उत्साहानं मखर, ढोल, सतरंज्या, मोदकांचे डबे आणि शेवटी मूर्ती असं सगळं भरून दार लावलं. काकूंनी मागं जाऊन नुसतं बघितलं.

"सगळं काढा."

"काकू, आरती सातला आहे!"

"जड सामान मागं गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो आणि गाडीला घेऊन उलटतो. जड ते पुढं. काढा."

सगळं निघालं. ढोल पुढच्या भिंतीला लागले, सतरंज्या मागं गेल्या. मूर्तीचं वजन किती, हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा काकूंनी दोन मुलांना ती उचलायला लावली आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधला. गणपतीबाप्पा चाकांच्या किंचित पुढं, चारी बाजूंनी उशा लावून बसले. आरती साडेआठला झाली. पण पोचल्यावर दार उघडलं तेव्हा बाप्पांच्या हातातला मोदकसुद्धा जागचा हलला नव्हता, हे नाराज मंडळींनाही कबूल करावं लागलं.

ट्रेलर मागं घ्यायचा कार्यक्रम बघायला तर आमच्या गल्लीतली मुलं सायकली थांबवून उभी राहतात. काका मागं, काकू पुढं, दोघांच्या हातात वॉकीटॉकी.

"अहो, डावीकडं किती जागा आहे?"

"तुझं डावं की माझं?"

"ट्रेलरचं!"

"ट्रेलरचं तोंड कुठं धरायचं?"

मग वॉकीटॉकीवर खूप वेळ नुसती खरखर. वसंतकाका मला एकदा म्हणाले, "बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढं सलग बोललो नव्हतो."

तर अशा कुमुदकाकूंचा मार्चमध्ये मला फोन आला. "मानसी, तीनचार दिवस सुट्टी मिळेल का गं? काकांची पाठ धरलीय. डेन्व्हरला जाऊन यायचंय. सोबत हवी."

डेन्व्हरला त्यांची मुलगी तन्वी राहते, हे मला माहीत होतं. तिच्या लग्नाला मंडळातल्या निम्म्या बायका विमानानं गेल्या होत्या. "तन्वीकडे का?" मी विचारलं.

"ट्रेलर घाटात चालवून बघायचाय," काकू म्हणाल्या. मंडळाच्या ग्रुपवरही त्यांनी तेच टाकलं होतं, 'घाटाची टेस्ट'. लोकांनी त्यावर अंगठे पाठवले.

जातानाचा सगळा प्रवास हा एक वर्ग होता. उतारावर ब्रेक दाबून ठेवायचा नाही, गिअर उतरवायचा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, ते आपल्या ब्रेकशी जुळवून घ्यायचे. कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावायची नाही. प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरून ट्रेलरच्या चाकांच्या नटांना हात लावायचा. अमॅरिलोच्या मोटेलमध्ये मला स्वप्नातही नट दिसले. तन्वीचा विषय निघाला नाही.

डेन्व्हरला पोचलो. तन्वीनं दार उघडलं. केस कसेबसे बांधलेले, डोळे सुजलेले. आत हॉलमध्ये खोके. भिंतीवर टीव्ही अडकवायची चौकट होती, टीव्ही नव्हता. पुस्तकांचा रॅक अर्धा रिकामा. घरातून कुणीतरी आपल्या वाटणीचं नेलं होतं, आणि ते आज नाही, बरेच दिवस आधी.

मी कुठं बघावं हे मला कळेना. काकूंनी चपला काढल्या, घरावरून एकदा नजर फिरवली.

"जेवलीस का?"

"आय ॲम फाइन, आई."

"बरं. कपाट कुठलं न्यायचंय?"

त्या दिवशी आम्ही तिघींनी ट्रेलर भरला. काकू सूचना देत होत्या, आम्ही उचलत होतो. तन्वीच्या लहानपणाचा पियानोचा कीबोर्ड काकूंनी स्वतःच्या शालीत गुंडाळला. नवऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही; काय झालं, कधी झालं, विचारलं नाही. एकदा खोका धरून जिना उतरताना तन्वी मला हळूच म्हणाली, "शी हॅझन्ट आस्क्ड मी एनिथिंग. इज शी मॅड ॲट मी?"

मी खोक्याची माझी बाजू सावरली. जी बाई माझ्या टायरची चौकशी ओळख व्हायच्या आधी करते, ती पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारत नव्हती.

परत निघालो तेव्हा आकाश भरून आलं होतं. तन्वी पुढं बसली, मी मागं. रॅटनच्या घाटापर्यंत पोचेतो बर्फ पडायला लागला. काकूंनी बटण फिरवून फोर व्हील लावली. या वेळी त्या त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. चढावर बंब संथ, एकसारखा आवाज करत चालला होता. मागं तन्वीचं अख्खं घर होतं. वाइपर बर्फ सारत होते आणि तो पुन्हा साचत होता.

"आई," तन्वी म्हणाली, "तू रागावलीयेस?"

"नाही गं."

"देन व्हाय डोन्ट यू आस्क मी? समथिंग. एनिथिंग."

काकूंनी एक वळण घेतलं. ट्रेलर मागून नीट आला का ते आरशात बघितलं.

"मला विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारायला लागले की त्याची तपासणी होते. तुला काय सांगायचं, तू त्यातच वाढलीस."

तन्वी किंचित हसली. "येस. आय डिड."

"आणि आत्ता मी तुझ्याकडं बघूही शकत नाही. खाली बर्फ आहे, मागं वजन आहे. माझे डोळे समोर. तुला बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तर राहू दे. गाणी लाव."

तन्वीनं गाणी लावली नाही. घाटमाथा आला तेव्हा ती बोलायला लागली. आधी इंग्रजीत, भरभर, खिडकीकडे तोंड करून. मी मागं डोळे मिटून घेतले. जे ऐकलं ते इथं सांगणार नाही.

घाट उतरलो. बर्फ थांबला, रॅटन मागं पडलं. काकूंनी बटण फिरवून फोर व्हील काढली. पुढं न्यू मेक्सिकोचं माळरान. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, ऊन पडलेलं, रस्ता कोरडा आणि इतका सरळ की स्टिअरिंग नुसतं धरून बसलं तरी चाललं असतं. मी सांगणार होते, काकू, आता मोकळा आहे रस्ता. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि मी गप्प बसले.

काकू घाटात बसल्या होत्या तशाच बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, मान ताठ, नजर समोर. वेगही तोच, घाटातला. एक ट्रक लांबलचक हॉर्न देत बाजूनं गेला, त्याच्यामागून दुसरा गेला. काकूंनी मान वळवली नाही.

तन्वीनं बूट काढून पाय सीटवर घेतले होते. ती आता मराठीत बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. मधेच थांबली.

"हं," काकू समोर बघत म्हणाल्या. "मग?"