एर्मिंदाचा वाफा

यंदा एक नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या दिवशी, गावच्या दफनभूमीत माझ्या बायकोच्या, एर्मिंदाच्या कबरीसारखी दुसरी कबर दिसणार नाही, असं मी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. पाद्रीबाबांना तर दोनदा! लोक कागदी फुलं वाहतात. मी वाहणार होतो खुद्द तिच्या हातचा लिऊतो. शहरातले लोक या फुलाला पेरू देशाची लिली म्हणतात. फूल आमच्या चिलीतलं आणि नाव पेरूचं, पण ते असो.

वाफा तिनंच लावला आणि त्याच वर्षी ती गेली. मग मी त्या वाफ्याशीच बोलायला लागलो. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

ऑगस्टात गारा पडायला लागल्या. मी अंगावरचा लोकरी पोंचो काढून वाफ्यावर पांघरला आणि नुसत्या सदऱ्यावर राखण करत बसलो. कोंब वाचले. मी मात्र तापानं आडवा झालो.

थोरली मेहुणी उबेर्लिंदा धावत आली. ही बाई उशाशी बसली की माणसाला बरं होण्यावाचून गत्यंतर नसतं.

"दाजी, अंगात काही राहिलं नाही तुमच्या. चुलीजवळ पडून राहा."

"आक्का, वाफ्याकडे तेवढं बघा."

"बघते म्हटलं ना. झोपा आता."

पुढं रोज दूध-साखरेतली पांढरीशुभ्र लापशी यायला लागली. अगदी एर्मिंदाच्या हातची चव! मी वाटी चाटूनपुसून परत पुढं करायचो.

बरा झालो तसा काठी टेकत परसात गेलो. वाफा सारवल्यासारखा सपाट.

"आक्का, डुकरं शिरली होती का?"

"डुकरं कशाला? मीच खणला. कंद किसले, धुतले, सत्त्व वाळवलं, त्याचीच तर लापशी. अशक्त माणसाला आपल्यात दुसरं काय देतात? आणि काय पोसले होते कंद!"

पोसणारच. शेणखत मीच घातलं होतं.

"आक्का, ती फुलं एर्मिंदाची होती."

उबेर्लिंदा ओट्यावर बसली. "फुलं? दाजी, शेवटी शेवटी तीच मला म्हणाली होती. 'मी नसले की हे हिवाळ्यात हमखास आजारी पडणार. वाफा लावून ठेवलाय. खण आणि यांना करून घाल.'"

मी लहान पोरासारखा रडलो. आक्काही रडली. मग तिनं उरलेली लापशी गरम केली आणि मी ती खाल्ली.

एक नोव्हेंबरला मी कबरीपाशी रिकाम्या हातानं उभा होतो. पाद्रीबाबा मुद्दाम बघायला आले.

"बेलिसारियो, कुठायत रे ती फुलं?"

मी पोटावर हात ठेवला.

त्यांना वाटलं मला भूक लागलीय. त्यांनी पिशवीतून पाव काढून दिला. तोही मी तिथंच, तिच्यासमोर खाल्ला. एर्मिंदानं बघितलं असेल, तर तिला बरंच वाटलं असेल.