गेनूमामांचे थांबे

आमचे गेनूमामा अंथरुणातून कधी एका झटक्यात उठले नाहीत. आधी कुशीवर वळायचे. मग उठून बसायचे आणि भिंतीकडं बघत मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे. मग भिंतीला धरून ओणवे उभे राहायचे. पुन्हा शंभर. मग सरळ. तोवर चहावर साय धरलेली. जेवणावरूनही असेच उठायचे. लग्नात पंगत उठली, बाया उष्टी काढायला आल्या, तरी मामा आपले मधल्या थांब्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून.

कुणी हसलं की म्हणायचे, "हसा. खालनं एकदम वर आलं की रगात फसफसतं. सोड्याच्या बाटलीवानी."

गेनूमामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, राहणार उत्रोली. मुंबईच्या गोदीत पाणबुड्या म्हणून वीस वर्षं काढून ते गावी आले. बायको-पोरं नव्हती. सोबत आणलं काय, तर एक काचेचा मुखवटा, बदकासारखे रबरी पंख आणि पाठीवर बांधायच्या हवेच्या तीन लोखंडी टाक्या. त्या भरून आणायच्या असल्या की मामा एस.टी.च्या टपावर टाकून मुंबईला न्यायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय?"

"हवा."

"मग खाली न्यायला काय होतंय? हवेला काय वजन असतंय व्हय?"

"उचला की," मामा म्हणाले.

त्यानं एक उचलून बघितली आणि पुढं निम्म्या वाटेपर्यंत कंबर चोळत होता.

अंथरुणातून उठायला असले थांबे लागत नाहीत, ते फक्त खोल पाण्यातून वर येताना, एवढं शास्त्र मी शाळामास्तर असल्यामुळं मला ठाऊक होतं. ते मी एकदा मामांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी बगतंय, जावईबापू."

"इथं कुठलं पाणी, मामा?"

मामांनी कोपऱ्यातल्या माठाकडं बोट केलं. त्या दिवशी मी माठातलं पाणी जरा बिचकतच प्यायलो.

तर त्या साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाटघरच्या धरणात एका गावची लग्नाची भांडी बुडाली. सगळ्या गावाची मिळून असतात ती, हंडे, तपेली, पराती. पलीकडच्या काठाला एक लग्न उरकून ती होडीतून परत येत होती. होडी कलली, माणसं पोहून काठाला लागली आणि भांडी गेली तळाला. आठ दिवसांनी गावात दुसरं लग्न होतं. गेनूमामा म्हणाले, "आनून देतो. टाक्या तीन, म्हंजी बुड्या तीन. दिसाला एक. पर जागा सोडून काठाला यायचं न्हाई. जागा सोडली की पानी इसरतं."

म्हणजे तीन दिवस पाण्यावरच मुक्काम. वर दोर धरायला आणि वेळ बघायला एक माणूस हवा होता. सगळ्या नातेवाइकांत हातात घड्याळ असलेला मीच. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मला पोहता येत नाही, हे मी तीनतीनदा सांगून बघितलं.

"पवायला कशाला लागतंय? तुमी वरच बसायचं हाय," मामा म्हणाले.

बायको म्हणाली, "नुसतं घड्याळ पाठवलं असतं तरी चाललं असतं," आणि माझ्या पिशवीत लिंबाचं लोणचं भरायला लागली.

दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकलेली सांगड, हे आमचं घर. फळ्यांवर एक स्टोव्ह, एक पातेलं, तीन घोंगड्या आणि नावाडी कोंडिबा. हा कोंडिबा अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून. काठावरून निघताना मामांनी मला समोर बसवून काय काय होणार ते सांगितलं. "पैल्या दिशी वकशीला. दुसऱ्या दिशी रडशीला. तिसऱ्या दिशी घरी जावंसं वाटायचं न्हाई."

मी म्हणालो, "धरणाच्या पाण्याला लाटा कुठं असतात, मामा?"

"पानी बगतंय," मामा म्हणाले. अर्ध्या तासात बायकोचं लोणचं पाण्यात गेलं, आधी माझ्या पोटात जाऊन.

बाकीच्या गोष्टी मात्र कुणी आधी सांगत नाही. सकाळी काठावर जायचं तर कोंडिबा छोट्या होडीतून सोडायचा, तेही दिवसातून एकदाच. पोटाला वेळापत्रक असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खाली किती पाणी आहे हा विचार फळीवर बसून करायचा नसतो, हेही. मी दिवसभर तोच करत होतो.

काम तसं सोपं होतं. मामांच्या कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. दर पाच मिनिटांनी मी एक हिसका द्यायचा, खालून एक हिसका आला की मामा ठीक. टाकीत हवा अर्ध्या तासाची. वर येताना मामा नांगराच्या दोराशी, दहा फुटांवर, चार मिनिटं थांबणार. "आनि ध्येनात ठेवा," मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हिसका आला न्हाई, तरी वढायचं न्हाई. काय बी हू द्या. वढायचं न्हाई."

मामांची बोटं थंडगार होती. तेव्हा मला वाटलं, पाण्यामुळं. पण ते अजून पाण्यात उतरलेच नव्हते.

पहिल्या दिवशी तीन हंडे आले. दुसऱ्या दिवशी तपेली आणि एक सोडून सगळ्या पराती. मामा खाली गेले की पाण्यावर बुडबुडे यायचे आणि मी त्या बुडबुड्यांकडं बघत बसायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बघता बघता डोळ्यांत पाणी आलं. कोंडिबा म्हणाला, "मास्तर, धरान भरलंय की! अजून कशाला वतताय?"

तिसऱ्या दिवशी कोंडिबा म्हणाला, "एका परातीपायी कशाला उतरताय, मामा? ऱ्हाऊ द्या की."

"लग्नातला भात कशात उपसायचा? तुज्या टोपीत?" मामा म्हणाले आणि फळीवरून पाण्यात गेले.

पाच मिनिटं. हिसका आला. दहा. आला. पंधरा. आला. मग वेल्ह्याच्या बाजूनं वारा सुटला, पाणी खडबडलं आणि बुडबुडे दिसेनासे झाले. वीस मिनिटांनी मी हिसका दिला. दोर नुसता जड लागला, झाडाला बांधल्यासारखा. खालून काही नाही. मी पुन्हा दिला. काही नाही.

"मास्तर, वढा!" कोंडिबा ओरडला.

"नको म्हणालेत."

"आवो, मेलेला मानूस कसा सांगंल वढा म्हनून? वढा! न्हाईतर हिकडं द्या!"

तो फळीवरून रांगत आला आणि माझ्या हातातून दोर सोडवायला लागला. पण माझ्या मुठी उघडेनात. ओढायला म्हणूनही हात हलेनात आणि सोडायला म्हणूनही नाहीत. कोंडिबासारखा गडी माझं एकेक बोट उचकटत होता आणि मी घड्याळाकडं बघत होतो. बावीस. तेवीस. उत्रोलीला जाऊन घरी काय सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो आणि पहिलंच वाक्य जुळत नव्हतं.

पंचविसाव्या मिनिटाला नांगराच्या दोराशी बुडबुडे आले.

"आलं! आलं! आता तरी वढा!" कोंडिबा म्हणाला.

पण मामा दहा फुटांवर थांबले होते. अर्ध्या तासाची हवा, पंचवीस मिनिटं झालेली, आणि हा माणूस थांब्यावर उभा. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस झाली तेव्हा आधी परात वर आली, मग मामा.

मामा फळीवर पालथे पडून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दोर बाभळीच्या खोडाला आडाकला. सोडवीत बसलो."

"ह्या मास्तरानं घेतला हुता जीव तुमचा!" कोंडिबा म्हणाला. "लाख बोललो वढा म्हनून. वढंनाच!" आणि रागारागानं परात घेऊन सांगडीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

मामा उठून बसले. माझं मनगट हातात घेऊन दोराचे निळे वळ बघत राहिले. "वढलं न्हाई?"

"नाही."

"का?"

आपण मोठी जबाबदारी पार पाडली, असं म्हणायची ही संधी होती. पण अजून माझे दात वाजत होते. "भीतीनं, मामा. हात चाललेच नाहीत."

मामांनी माझं मनगट सोडलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माजे चालले हुते."

गोदीत त्यांचा जोडीदार होता अंतू. आळीपाळीनं एक खाली उतरायचा, दुसरा वर दोर धरायचा. एक दिवस अंतूचा हिसका आला नाही. मामा घाबरले आणि थांबा-बिंबा काही न देता त्यांनी अंतूला सरळ वर ओढलं. "वर आला तवा हसत हुता," मामा म्हणाले. "म्हनला, काय झालं रं? आनि घटकाभरानं म्हनला, पाय कुठं गेलं माजं?"

मामांनी कमरेचा दोर सोडला. मग म्हणाले, "परवा भोंगवलीला जायाचं हाय. येता?"

गेलो. अंतू ओसरीवर बाजेवर पडून होता, कमरेखाली वाळलेला, वर मात्र पहिलवानाची छाती. मामा दर आठवड्याला येतात, हे त्याच्या भावजयीनं पाणी देताना सांगितलं. मामांनी तेलाची वाटी घेतली आणि बाजेवर बसून अंतूचा एक पाय मांडीवर ओढला.

"मास्तर व्हय तुमी?" अंतू मला म्हणाला. "ह्यो तुमचा मामा देवमानूस हाय. म्या खाली निपचित पडलो असनार, काय कळंना मला. ह्यानं इचार केला न्हाई. एका झटक्यात वर वढला. पाय गेले, पर जीव वाचला. आल्यागेल्याला सांगतो म्या."

'वर आला तवा हसत हुता' हे आठवून मी मामांकडं बघितलं. मामा खाली मान घालून अंतूच्या पोटरीला तेल जिरवत होते. भावजय दारात उभी राहून कौतुकानं ऐकत होती.

"दुसरा पाय दे," मामा म्हणाले, आणि अंतूचा दुसरा पाय त्यांनीच उचलून मांडीवर घेतला.