समीक्षाची धडधड आणि माझी नोटीस

डॉक्टरीणबाईंचं ऐकून मी गप घरी आलो असतो, तर हे सांगायची वेळच आली नसती. पण प्रत्येक गोष्ट पद्धतशीर करायची मला खोड आहे. (बायको या खोडीला वेगळं नाव देते.)

झालं असं, की समीक्षाला सातवा लागला आणि तिच्या छातीत अधूनमधून धडधड व्हायला लागली. जिना चढली की धडधड, कूस बदलली की धडधड. मी घाबरून तिला वडगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. हृदयाला आता दोघांचं काम पडतंय, ते जरा पळणारच. पाणी भरपूर प्या, चहा कमी करा, थोडं थोडं खा. डाव्या कुशीवर झोपा, उठताना सावकाश उठा. धडधडलं की बसायचं आणि हळू श्वास घ्यायचा. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ इकडे या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि घरात शांतता ठेवा."

बाहेर आल्या आल्या समीक्षा म्हणाली, "अहो, ऐकलंत ना? शांतता मिळाली तर मी नवव्यापर्यंत इथे आपल्या भाजे गावातच राहीन. नाहीतर आई न्यायला टपलेलीच आहे, टाकव्याला जाईन."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं. पण इतक्या आधी बायको गेली तर माझं काय? मला भाकरी थापता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय घर खायला उठतं. म्हटलं, काही झालं तरी शांतता मिळवून द्यायची.

मी लोणावळ्याला एका रिसॉर्टच्या काउंटरवर असतो. तिथे शांतता हवी असली की आम्ही नोटीस लावतो. (पर्यटक तिच्याच खाली स्पीकर लावून नाचतात, तो भाग वेगळा.) त्याच सवयीने मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'सौ. समीक्षा हिच्या छातीत धडधड होत असल्याने डॉक्टरांनी संपूर्ण शांततेचा सल्ला दिला आहे. ग्रामस्थांनी सहकार्य करावे.' खाली जोडलेले हात.

आता, आमच्या गावात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे त्या घराशी भांडण असल्याची उघड कबुली. हे मी लहानपणापासून बघतोय. तरी बोट दाबलं. काय म्हणावं मला!

पहिल्या आल्या भागुबाई मावशी.

"काय गं पोरी, तुला हार्टचं झालंय व्हय?"

"नाही हो मावशी. सगळं नॉर्मल आहे."

"सुरवातीला समदी असंच म्हनत्यात," म्हणत मावशींनी ऐसपैस मांडी घातली.

मोठं माणूस घरात आलं की त्याच्या पाया पडायचं. समीक्षा उठली, पाया पडली, परत डाव्या कुशीवर टेकली. तोवर दुसऱ्या बाई दारात. परत उठली. मागून तिसऱ्या. प्रत्येक वेळी मी "सावकाश!" म्हणून असा काही ओरडायचो, की ती दचकून छातीला हात लावायची.

बरं, रिकाम्या हाताने कोणी येईना. एकीने धने-जिऱ्याचं पाणी आणलं, दुसरीने वाळ्याचं, तिसरीने कोकम सरबत. महिपती आबा तर खांद्यावर शहाळ्यांचा घडच घेऊन आले.

"डाक्टरनं पानी प्यायला सांगितलंय न्हवं? मंग पी की!"

"आबा, मघापासून तेच चाललंय."

"त्ये पानी निराळं, ह्ये निराळं."

नाही म्हणावं तर माणसं रुसतात. बिचारी घोट घोट घेत होती आणि बाथरूमच्या फेऱ्या मारत होती. तिकडे चहा कमी करायचा म्हणून मी चहाचा डबा माळ्यावर ठेवला होता. तो खाली काढून माझी आई, भामाबाई, पातेल्यावर पातेलं चढवत होती. "तुज्या शांततेपायी माजी कंबार मोडली रं!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. आमच्या लग्नातसुद्धा इतका चहा झाला नव्हता.

संध्याकाळी आबा अख्खं भजनी मंडळ घेऊन परत आले.

"पोरीच्या जिवाला शांती पायजे. काळजी करू नगं, आमी हळूच म्हनतो."

हळूच! पखवाजावर पहिली थाप पडली आणि मांडणीतली भांडी थरथरली. वर टाळ. समीक्षाने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मी दारात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "शांतता!"

सगळे थांबले. आबा शेजाऱ्याला म्हणाले, "ह्याला बी धडधडाय लागलं वाटतं."

तेवढ्यात दारात जीप थांबली आणि सासूबाई, म्हणजे शालूबाई, रडतच आत शिरल्या. माझी नोटीस फिरत गेली होती. मळवलीला पोचली तेव्हा तिचा झटका झाला होता, कामशेतला आयसीयू, आणि टाकव्यात शिरली तेव्हा समीक्षाला पुण्याला हलवलेलं होतं.

"माजी पोर कुटं हाय?" समीक्षा समोरच कोकम सरबत पीत बसलेली. "अगं बया, धडधाकट हाय की ही!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "जावई हायसा, म्हून काय बोलत न्हाई." (यानंतर त्या बराच वेळ बोलल्या.) शेवटी म्हणाल्या, "ऊठ समे, बॅग भर. ह्या जत्रंत न्हाई ठेवायची तुला."

सगळ्या गावादेखत मी म्हणालो, "समीक्षा, नको ना जाऊस. मला तू इथे हवी आहेस." भजनी मंडळ टाळ सावरून ऐकायला लागलं.

समीक्षा शांतपणे उठली. सावकाश. "आई, मी कुठेही जात नाही. धडधडीला पाणी आहे, डावी कूस आहे, श्वास आहे. इथे एक शांतता सोडली तर सगळं आहे." आणि तिने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी बघितलं. माझ्या सख्ख्या आईनेही बघितलं.

"अहो," समीक्षा म्हणाली, "बॅग तुम्ही भरा."

तर सासूबाई भाज्यात राहिल्या आणि मी इथे टाकव्याला, सासरे रखमाजींच्या घरी आहे. समीक्षाचा रोज फोन येतो. धडधड झालीच तर बसून श्वास घेतला की ओसरते, झोप छान लागते, घरात कसं शांत शांत वाटतं, असं ती सांगते. तिला बरं वाटतंय याचा मला आनंदच आहे. पण तिने तो 'शांत' शब्द दोनदा म्हणायची काही गरज आहे का?

आज सुट्टी म्हणून ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या आजीबाई थांबल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मिश्किल हसत विचारलं, "काय जावई, कितवा म्हैना?"

मी तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी पानाला चुना लावत सांगितलं, "सातवा. धडधड लय व्हती, म्हून लवकर आनलं."